एक रिंग म्हणजे थांबा

हनुमंत टकलेच्या शर्टाच्या डाव्या खिशात अकरा वर्षं एक बटणांचा फोन होता आणि गाडी चालवताना तो त्या फोनवर कधी एक शब्दही बोलला नव्हता. बोलायची गरजच पडत नसे. शिरूरहून रांजणगावच्या कंपनीत पहिल्या पाळीची माणसं नेणारी पन्नास सीटची बस त्याच्याकडे होती आणि त्या बसचा स्वतःचा एक कायदा होता. फोन एकदा वाजून बंद झाला, तर निघालोय, पोचतोय, थांबा. दोनदा वाजून बंद झाला, तर आज येत नाही, जा. फोन कोणाचा हे बघायला तो खिशातून काढावाही लागत नसे. सरदवाडीचा थांबा जवळ आला असताना रिंग आली तर ती सरदवाडीच्याच कोणाची तरी. थांब्यावर कोण उभं आहे एवढं पाहिलं की उरलेलं नाव आपसूक कळायचं.

हनुमंतचा बाप रखमाजी मेंढरं राखायचा. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाघरीत शिरताना तो मोजायचा नाही, नुसता बघायचा आणि म्हणायचा, "कानकापी आली न्हाई." हनुमंतच्या वाट्याला मेंढरं आली नाहीत. बेचाळीस कामगार आले. तोही आरशातून एकदा मागं बघायचा आणि गिअर टाकायचा. एखाद्यासाठी दोन मिनिटं, कधी तीन मिनिटं थांबायचा, ती कारेगावच्या अलीकडच्या मोकळ्या रस्त्यावर भरून काढायचा आणि पावणेसातला गेटवर असायचा. अकरा वर्षांत गेटच्या रजिस्टरमध्ये त्याच्या गाडीपुढं 'उशीर' असा शेरा एकदाही पडलेला नव्हता.

गेल्या दिवाळीनंतर सोपानरावांनी ॲप आणलं.

सोपानराव म्हणजे बसचे ठेकेदार. कंपनीला त्यांच्या अठरा गाड्या लागलेल्या. कंपनीतल्या कोणीतरी सांगितलं की, कुठली गाडी कुठं आहे हे आम्हाला आणि कामगारांना मोबाइलवर दिसलं पाहिजे. सोपानरावांनी सगळ्या ड्रायव्हरांना यार्डात बोलावलं आणि फर्मान काढलं. प्रत्येकानं आठवड्याच्या आत स्मार्टफोन घ्यायचा, ऑफिसमधून ॲप टाकून घ्यायचं, फोन गाडीत समोर स्टँडवर लावायचा.

"थांब्यावर एक मिनिट," सोपानराव म्हणाले. "एक मिनिटाच्या वर गाडी हुभी राहिली की लाल ठिपका. महिन्यात तीन ठिपके झालं की रूट बदलणार, महिनाभर स्पेअरला बसायचं. मी काय करत न्हाई, ॲप करतंय. मला सांगायला येऊ नका."

स्पेअर म्हणजे सकाळी पाचपासून संध्याकाळी पाचपर्यंत यार्डात बसून राहायचं आणि कुणी आजारी पडलं की त्याची गाडी घ्यायची. हनुमंतला शिरूरचा रूट हवा होता तो एवढ्यासाठीच. पाळी सोडून साडेआठला तो घरी असायचा, दुपारी अडीचपर्यंत रानात. दीड एकरात कांदा होता. तो स्पेअरला गेला की ते सगळं एकट्या कुशाबाईवर, आणि कुशाबाईच्या गुडघ्याचं तर ऑपरेशन सांगितलेलं.

फोन घेतला शिरूरच्या अमजदच्या दुकानातून. अमजदनं जुनं सिम मशीनमध्ये धरलं, कटकन दाबलं आणि त्याचा नखाएवढा तुकडा करून नव्या फोनात घातला. बाकीचं सगळं हनुमंतच्या मुलीनं केलं. प्रगती दौंडला असते, नवरा रेल्वेत, राहायला रेल्वे कॉलनीत. ती दोन दिवसांसाठी आली होती. तिनं अर्धा तास मान खाली घालून फोनवर बोटं फिरवली आणि म्हणाली, "आप्पा, झालं सगळं. आता तुम्ही काहीच करू नका."

काहीच न करणं हनुमंतच्या हातात नव्हतं. फोनच दर दहा मिनिटांनी काहीतरी विचारायचा. परवानगी द्यायची का? अपडेट करायचं का? तुम्हाला हा फोटो आठवतो का? हनुमंतला तो फोटो आठवायचा, कारण तो त्यानं कालच चुकून काढलेला स्वतःच्या बुटाचा फोटो असायचा.

त्याला फोनची चांगली बाजू दिसत नव्हती असं नाही. टॉर्च उत्तम होता. पहाटे रानात मोटर चालू करायला जाताना जुन्या फोनच्या उजेडात फक्त स्वतःचा अंगठा दिसायचा, आता बांधावरचा बेडूकही दिसत होता. कांद्याच्या पातीवर करपा पडला तेव्हा त्यानं फोटो काढून औषधाच्या दुकानदाराला पाठवला आणि शिरूरची एक फेरी वाचली. आणि दौंडची नात. तिचं तोंड रोज संध्याकाळी दिसायचं, मागून रेल्वेच्या इंजिनाचा भोंगा ऐकू यायचा. तेवढ्या दहा मिनिटांपुरतं कुशाबाईचं फोनबद्दल काही म्हणणं नसायचं.

बाकीचे तेवीस तास पन्नास मिनिटं मात्र डोक्याला ताप होता. जुना फोन सोमवारी चार्ज केला की शुक्रवारपर्यंत चालायचा, हा दुपारच्या जेवणाला मान टाकायचा. प्रगतीनं अंगठ्याचं कुलूप लावून दिलं होतं. स्टेअरिंगनं आणि खुरप्यानं झिजलेला हनुमंतचा अंगठा फोन ओळखेना. तोंडाचं कुलूप लावलं, तर पहाटेच्या थंडीत माकडटोपी घातली की फोन त्याला परका माणूस समजायचा.

"मालक कोन हाय रं हितं?" हनुमंत एकदा त्याला म्हणाला होता.

लिहायचा कंटाळा म्हणून बोलून टाइप करायची सोय होती. एकदा त्याला रजा घ्यायची होती. बसच्या ग्रुपवर त्यानं फोनला सांगितलं, "उद्या मी ड्युटीला हाय, परवा न्हाई." फोननं लिहिलं, 'उद्या मी ड्युटीला Hi, परवा न्हावी.' पाचच मिनिटांत शंभूचं उत्तर आलं, 'मामा, परवाच्या कटिंगला माझा पहिला नंबर लावा.' शंभू कंपनीत फिटर. चाळिशीचा गडी, बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसायचा आणि तोंड बंद ठेवायचा नाही.

ॲपची एक खोड मात्र हनुमंतच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आली. शिरूरला गाडी उभी करून तो फोन हातात घेऊन साठ पावलांवरच्या टपरीवर चहाला गेला. चहा येईपर्यंत फोनमधून बाई बोलली, "थांबा सोडला आहे." हनुमंतनं मागं वळून पाहिलं. गाडी जागच्या जागी होती. म्हणजे ॲपला गाडी दिसतच नव्हती, त्याला फक्त फोन दिसत होता. हनुमंतनं चहा संपवला आणि हे डोक्यात ठेवलं.

खरी पंचाईत झाली ती रिंगची.

सरदवाडीच्या पुढं खडी फाटा म्हणून एक थांबा आहे. पूर्वी तिथं खडीची मशीन होती. आता एक पंक्चरचं दुकान आहे आणि एक कच्चा रस्ता आत वस्तीवर जातो. त्या वस्तीवरून धनश्री यायची. वय बावीस, कंपनीत सहा महिन्यांच्या ट्रेनिंगवर. ट्रेनिंगमध्ये तीन खाडे झाले की नाव कमी, चौथ्या दिवशी गेट पास चालत नाही. तिच्या घरी चार गाई. दूध घ्यायची गाडी सहाला यायची, कधी सव्वासहाला यायची, आणि दूध घातल्याशिवाय तिला निघता येत नसे. वस्तीवर रेंज नाही. रस्त्यावर विजेची डीपी आहे, तिथं पोचलं की रेंज यायची. दूधगाडीला उशीर झाला की धनश्री डीपीपाशी चालता चालता एक रिंग द्यायची. डीपीपासून फाट्यापर्यंत तिला पाच मिनिटं लागायची. हनुमंतला हे मिनिटासकट माहीत होतं.

नव्या फोनच्या पहिल्याच सोमवारी खडी फाट्यावर शंभू चढला, आणखी दोघं चढले. रिंग आली नव्हती. म्हणजे धनश्री एकतर वेळेवर फाट्यावर हवी होती, नाहीतर आज घरातून निघालीच नसावी. हनुमंतनं आरशात बघितलं, फोनकडं बघितलं आणि गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी धनश्री वेळेच्या आधी दहा मिनिटं फाट्यावर उभी होती. गाडीत चढली ती त्याच्याकडं न बघता.

"काल कुठं व्हतीस?" हनुमंतनं विचारलं.

"रिंग दिली व्हती मामा. तुमचा मेसेज बी आला."

"माझा? मेसेज?"

तिनं फोन पुढं केला. हनुमंतला इंग्रजी वाचता येत नाही. शंभूनं मान लांब करून मोठ्यानं वाचलं, "आय ॲम ड्रायव्हिंग राइट नाऊ, आय विल कॉल यू लेटर." मग सगळ्या गाडीकडं वळून म्हणाला, "मामा इंग्रजीत बोलाय लागलं. आन् लेटर म्हंजी पत्र पाठवणार हायती. पोस्टमनची वाट बघा आता."

गाडी हसली. धनश्री हसली नाही. "मला वाटलं, तुमी थांबताय. म्हून मी पळत न्हाई आले," ती म्हणाली. "पहिला खाडा पडला."

त्या दिवसापासून गाडीत एकेकजण फोन काढून दाखवू लागला. सगळ्यांना हनुमंतचा इंग्रजी निरोप आलेला होता. हनुमंतनं मात्र एकाही रिंगचा आवाज ऐकला नव्हता. रिंग येत नाही म्हटल्यावर तो अंदाजानं थांबायला लागला आणि अंदाज चुकायला लागले. सरदवाडीला एकासाठी दोन मिनिटं थांबला, तो मागच्या दारानं केव्हाच चढून झोपला होता. पहिला लाल ठिपका. खडी फाट्यावर धनश्रीसाठी थांबला, तर तिनं त्या दिवशी गाय व्यायली म्हणून दोन रिंगा दिल्या होत्या. त्याला दुसरा ठिपका पडला, आणि तिचा दुसरा खाडाही त्याच दिवशी.

हनुमंत फोन घेऊन अमजदकडं गेला.

"ह्यात रिंग वाजत न्हाई."

अमजदनं आपल्या फोनवरून नंबर लावला. फोन असा दणक्यात वाजला की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मान बाहेर काढली.

"मामा, फोन ठणठणीत हाय."

"गाडीत वाजत न्हाई."

"मग गाडीत काय प्रॉब्लेम आसंल."

दोघं बाहेर उभ्या केलेल्या बसमध्ये जाऊन बसले. अमजदनं पुन्हा नंबर लावला. फोन वाजला. "बगा," अमजद म्हणाला. हनुमंतला त्या क्षणी फोनपेक्षा अमजदचा राग आला.

"आन् ह्यो इंग्रजी मेसेज? ह्यो कोण पाठवतंय?"

अमजदनं मेसेज वाचला. "कुणीतरी सेटिंग केलंय मामा. फोन कुणी चालू करून दिला?"

"पोरीनं."

"मग तिलाच इचारा. ह्यात शंभर सेटिंगा हायत. मी हात लावायचो आन् सोपानरावांचं ॲप बंद पडायचं, मग त्ये माझ्या दुकानात येत्याल."

"मला जुना फोन लावून दे. सिम काढ ह्यातलं."

अमजदनं हात जोडले. "कापलेलं सिम हाय मामा. त्या मोठ्या खाचंत बसणार न्हाई. आदी त्येला प्लॅस्टिकची चौकट मिळायची, ती बी आता येत न्हाई. नवीन सिम घ्या, नवीन नंबर घ्या."

"बेचाळीस माणसास्नी नवीन नंबर सांगू? आन् ॲप ह्या नंबरावर हाय."

"मग ॲपला इचारा," अमजद म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

संध्याकाळी प्रगतीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं सांगितलं, "आप्पा, सेटिंग उघडा आणि मला दाखवा." हनुमंतनं विचारलं, ज्या फोनवर तू दिसतीस, त्योच फोन तुला कसा दाखवू? तिनं सांगितलं, खालून वर ओढा. त्यानं ओढलं, प्रगती गेली आणि हवामान आलं. पुन्हा लावला. आता तिला फक्त त्याची हनुवटी दिसत होती आणि कुशाबाई मागून सांगत होती, "आवं, फोन सरळ धरा, पोरीला घशातलं दिसतंय." चौथ्या वेळी हनुमंत म्हणाला, "मीच येतो दौंडला."

सुट्टीच्या दिवशी तो मोटारसायकलवर न्हावऱ्यावरून दौंडला गेला. क्वार्टरच्या ओट्यावर बसून प्रगतीनं फोन हातात घेतला आणि एका मिनिटात म्हणाली, "बिघडलेलं काही नाही. मीच लावलं होतं."

"काय?"

"ड्रायव्हिंग मोड. गाडी चालू झाली की फोनला आपोआप कळतं. तो वाजत नाही, समोरच्याला मेसेज जातो. गाडी चालवताना तुम्ही फोन घेऊ नये म्हणून लावलं. मागच्या वर्षी इथल्या एका माणसानं फोनच्या नादात गाडी डिव्हायडरवर घातली. चाळीस माणसं असतात तुमच्या मागं."

 "मी फोन घेत न्हाई," हनुमंत म्हणाला.

"पण वाजतो ना?"

"वाजतो. मी ऐकतो. घेत न्हाई. अकरा वर्षांत एकदा बी घेतला न्हाई. एकदा वाजला की थांबायचं, दोनदा वाजला की जायचं. घ्यायची गरजच न्हाई. हे त्या फोनला कळत न्हाई आन् तुला बी कळलं न्हाई."

हे प्रगतीला खरंच माहीत नव्हतं. बापाच्या गाडीत ती कधी पहिल्या पाळीला बसली नव्हती. तिनं मोड बंद केला नाही. तो तिनं सोडायचाच नाही असं ठरवलेलं दिसलं. पण त्यात ठरावीक नंबर वाजू देता येतात, असं ती म्हणाली आणि एकेका नावापुढं चांदणी लावायला बसली. नाव वाचायची, विचारायची, "हा कोण?" हनुमंत सांगायचा. सरदवाडीचा, बायको दुसऱ्या पाळीला, पोर शेजारी सोडून येतो, शेवटच्या मिनिटाला पोचतो. हा कारेगावचा, कधीच उशीर करत नाही, ह्याला लावू नको. प्रत्येकाला थांब्यापर्यंत किती मिनिटं लागतात, हे त्यानं न अडखळता सांगितलं. एकोणतीस चांदण्या लागल्या. दौंडच्या फलाटावरची घोषणा ओट्यापर्यंत ऐकू येत होती. मध्ये दोनदा चहा झाला.

"तुमचं ॲप हे सगळं दाखवतं का?" प्रगतीनं विचारलं.

"ॲप गाडी कुठंय ते सांगतं. माणूस कुठंय ते न्हाई सांगत."

सोमवारी रिंगा पुन्हा वाजू लागल्या. बुधवारी सहा वाजून बावीस मिनिटांनी खडी फाट्याच्या अलीकडं एक रिंग आली. धनश्री डीपीपाशी होती. गाडी फाट्यावर पोचली तेव्हा पंचवीस झाले होते. शंभू पंक्चरच्या दुकानापाशी आपली मोटारसायकल लावत होता. धनश्रीला अजून दोन मिनिटं. स्टँडवरच्या फोनवर साठ सेकंद उलटे मोजायला सुरुवात झाली.

हनुमंतचे दोन ठिपके झालेले. धनश्रीचे दोन खाडे झालेले. तिसरा दोघांपैकी एकाला पडणार होता. गाडी सोडली तर पोरीचं ट्रेनिंग गेलं, थांबलं तर स्वतःचा रूट गेला आणि कांदा कुशाबाईच्या गुडघ्यावर. फोन मोजत होता. चाळीस. पस्तीस. हनुमंतला शिरूरच्या टपरीवरचा चहा आठवला.

त्यानं फोन स्टँडवरून उपसला आणि दारातून शंभूच्या हातात दिला.

"शंभू, ही गाडी घिऊन कारेगावला हो फुडं."

"कुठली गाडी?"

"ही! पळ, वीस सेकंद राहिल्यात."

शंभूनं एकदा फोनकडं पाहिलं, एकदा बसकडं पाहिलं. हा गडी तोंडानं कितीही चालत असला तरी डोकं त्याहून जोरात चालायचं. त्यानं फोन खिशात टाकला आणि किक मारली. खिशातून बाई बोलली, "थांबा सोडला आहे."

कारेगावच्या थांब्यावर चौदा माणसं आपापल्या फोनकडं बघत उभी होती. सगळ्यांच्या फोनवर बस जवळ आली, अगदी जवळ आली, मग 'बस थांब्यावर पोचली' असं आलं. सगळ्यांनी मान वर केली. समोर शंभू मोटारसायकलवर.

"गाडी कुठाय?" एकानं विचारलं.

शंभूनं खिशातून फोन काढून वर धरला. "ही काय. चढा."

"बाबू, ये क्या मजाक है? पंचिंग का टाइम हो रहा है," बिहारकडचा एक वेल्डर करवादला. तेवढ्यात मागून खरी बस आली. धनश्री दारात उभी होती, छाती वरखाली होत होती, सलवारीला दुधाचा डाग. पावणेसातला एक मिनिट कमी असताना गाडी गेटवर होती. ठिपका पडला नाही, खाडा पडला नाही. शंभूनं गेटपर्यंत निदान सहा जणांना सांगितलं की आज सकाळी बस मी चालवली.

दुपारी सोपानरावांचं बोलावणं आलं.

ते लॅपटॉपपुढं बसले होते. पडद्यावर नकाशा होता, त्यावर निळी रेघ.

"हनुमंता, ही तुझी आजची गाडी. खडी फाट्यापतोर ठीक हाय. तिथनं नगर रोड सोडला. आन् म्हाळूच्या पाणंदीतनं, वढा वलांडून, देवळाच्या पाठीमागनं निघाली. मला एवढंच सांग, पन्नास शिटाची बस त्या पाणंदीत मावली कशी? तिथनं बैलगाडी जाताना दोन्ही बाजूची बाभळ घासती."

हायवेवर ट्रकांची रांग होती म्हणून शंभूनं जवळची वाट धरली होती. हनुमंतला हे आता कळत होतं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मोबाइल गेला तिथनं. गाडी रस्त्यानं आली."

"ॲपसाठी मोबाइल म्हंजीच गाडी!"

"त्येच म्हणतोय मी."

सोपानराव उठून उभे राहिले, पुन्हा बसले. हनुमंतनं सगळं सांगितलं. रिंग, डीपी, दूधगाडी, तीन खाडे. सोपानरावांनी ऐकून घेतलं. "मग काय मिस कॉलवर गाड्या चालवायच्या?"

"अकरा वर्सं चालली. गेटचं रजिस्टर बगा."

"रजिस्टर कंपनी बघत न्हाई आता. ही रेघ बघतीया. उद्या तिकडनं फोन आला की मी काय सांगू, माझी बस वढ्यात पोहते?" त्यांनी लॅपटॉप मिटला. "एक तारखेपास्नं महिनाभर स्पेअर. रूट आतिफला देतो."

आतिफ सत्तावीस वर्षांचा, गाडी चांगली चालवायचा आणि फोनशी त्याचं पटायचं. हनुमंतनं त्याला जाऊन सगळं सांगितलं. आतिफ म्हणाला, "मामा, माझा नंबर त्यांना द्या की." पण नंबर सगळ्यांपर्यंत पोचला नाही. काहींनी घेतला, काहींनी घेतला नाही, आणि घेतलेल्यांच्याही बोटांना जुनीच सवय.

एक तारखेला सहा वाजून तेवीस मिनिटांनी हनुमंत यार्डात एका खोक्यावर बसला होता. फोन एकदा वाजून बंद झाला. पडद्यावर चांदणी आणि नाव, धनश्री.

त्यानं शिवी दिली, ती नक्की कोणाला दिली हे सांगता येणार नाही. मग आतिफला फोन लावला. फोन वाजला नाही. पाच सेकंदांनी मेसेज आला. हनुमंतला आता तो वाचता येत नसला तरी ओळखता येत होता. आय ॲम ड्रायव्हिंग राइट नाऊ. लेटर.

त्यानं शंभूचा नंबर काढला, एक रिंग दिली आणि कापला.

खडी फाट्यावर शंभूचा एक पाय बसच्या पायरीवर होता. खिशात एकदा वाजून फोन बंद झाला. त्यानं नाव पाहिलं, कच्च्या रस्त्याकडं पाहिलं आणि पायरीवरच बसून बुटाची नाडी सोडली. आतिफ ओरडला, "ओ शंभूभाऊ, दार लावायचंय!" शंभू म्हणाला, "नाडी तुटली, थांब जरा." नाडी बांधायला त्याला अडीच मिनिटं लागली.

यार्डात हनुमंत घड्याळाकडं बघत होता. सहा अठ्ठावीसला फोन एकदा वाजून बंद झाला. शंभू. निघालोय. पंचवीसला नव्हे, सव्वीसला नव्हे, अठ्ठावीसला निघालेत म्हणजे पोरगी गाडीत बसली होती.

आठ वाजता सोपानराव यार्डात आले, हातात फोन धरून. "आतिफ पहिल्याच दिवशी लाल. आन् त्याच जागेवर. काय हाय काय त्या ठिकाणी, भानामती?"

"पाच मिनिटांची वाट हाय आन् येक पोरगी हाय," हनुमंत म्हणाला. "ड्रायव्हर बदलून वाट कमी व्हत न्हाई."

सोपानरावांनी आजूबाजूला बघितलं. यार्डात दुसरं कोणी नव्हतं. "तिथं तीन मिन्टं टाकतो," ते चिडूनच म्हणाले. "ती दोन कारेगावच्या अलीकडं कापतो, तिथं रस्ता मोकळा हाय." त्यांनी ॲप उघडलं. "हे बघ, नावच न्हाई थांब्याला. अननेम्ड रोड. नाव टाकल्याशिवाय येळ बदलत न्हाई म्हणतंय." ते चष्मा घरी विसरले होते. फोन तोंडाजवळ धरून ते मोठ्यानं म्हणाले, "खडी फाटा."

फोननं लिहिलं. त्यांनी दाबलं. झालं.

महिना भरून हनुमंत पुन्हा शिरूरच्या रूटवर आला. धनश्रीचे खाडे दोनवरच राहिले, ट्रेनिंग संपून तिला कायमचा गेट पास मिळाला. बस त्या थांब्यावर आता रीतसर तीन मिनिटं थांबते आणि ठिपका पडत नाही. ॲपवर त्या थांब्याचं नाव 'कढी फाटा' असं आहे. बदलायचं असेल तर पुण्याला मेल करावा लागतो, आणि तो मेल कोणी करायचा हे अजून ठरलेलं नाही.

दर महिन्याला नवी भरती होते. नवीन पोरं फोनवर नाव वाचतात, खिडकीतून बघतात आणि ड्रायव्हरला विचारतात, "मामा, इथं कढी कुठं मिळती?"

हनुमंत आरशातून त्यांच्याकडं बघतो. "उतरून बघ," तो म्हणतो. "तीन मिन्टं हायत."